वरिष्ठ वेतनश्रेणीचा निवाडा हायकोर्टात गेला, तर

कोकणातल्या एखाद्या नगरपरिषदेत संघटना वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून वरिष्ठ वेतनश्रेणीचा करार पदरात पाडून घेते. अंमलबजावणीवरून वाजतं, वाद लवादाकडे किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो, निवाडा होतो, पेढे वाटले जातात. आणि महिना-दीड महिन्यात नोटीस येते की परिषदेने निवाड्याला हायकोर्टात आव्हान दिलंय. सगळी धावपळ या नोटिशीनंतर सुरू होते. खरं काम मात्र त्याच्या किती तरी आधीचं असतं. हायकोर्टात नवा साक्षीदार उभा राहत नाही, नवा तक्ता जोडता येत नाही. खालच्या दप्तरात जे निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला पडणारा नंबर) पडून दाखल झालं, तेवढ्यावरच वर बोलायचं.

पुढची माहिती मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या नगरपरिषद कर्मचारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. कलमांचे क्रमांक औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चे आहेत, कारण आज चालू असलेली बहुतेक दप्तरं त्याच कायद्याखाली तयार झाली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने १९४७ चा कायदा रद्द केला. त्यामुळे करार, मागणीपत्र आणि निवाडा यांच्या तारखा एका कागदावर लिहून वकिलांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आपल्याला जुना कायदा लागू की नवा?

दार चुकलं तर दहा वर्षं जातात

‘सरकारी नोकर’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण पगाराच्या वादाची दारं वेगवेगळी आहेत. तहसील, पोलीस, जिल्हा रुग्णालय इथले राज्य शासकीय कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जातात. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. निवेदनाला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि तिथून पुढे एक वर्ष धरायचं. मॅटच्या निकालाविरुद्ध हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाता येतं. हे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून पक्कं आहे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत नाहीत, त्यांना थेट रिटचा, म्हणजे राज्यघटनेखाली हायकोर्टात याचिका करायचा मार्ग.

पोस्ट, कस्टम्स, दीपगृह अशा केंद्रीय खात्यांत १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिच्यात सक्तीच्या लवादाची सोय आहे, पण ती एखाद्या वर्गाचे किंवा श्रेणीचे वेतन-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा एवढ्यापुरतीच. एकट्यादुकट्याचं प्रकरण तिथे चालत नाही, आणि लवाद मंडळाचा निवाडा संसदेच्या अंतिम अधिकाराच्या अधीन असतो. वैयक्तिक वेतननिश्चितीसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

नगरपरिषदेचं तसं नाही. नागपूर महापालिकेच्या १९६० च्या निकालात आणि पुढे १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांची बहुतेक खाती ‘उद्योग’ धरली. म्हणून सफाई, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, कर विभाग इथल्या कामगारांचा वेतनाचा वाद औद्योगिक वाद होतो. अडचण पर्यवेक्षकांची असते. मुकादम, निरीक्षक, लेखापाल यांच्याबाबत परिषद ‘हा कामगारच नाही’ असा मुद्दा काढते आणि कामगार ठरतो की नाही ते पदनामावर अवलंबून नसतं, प्रत्यक्ष कामावर असतं. तेव्हा अशा प्रत्येकाचा कामवाटपाचा लेखी आदेश आधीच मिळवून ठेवा. यादीत तीन वादग्रस्त नावं असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट करा. त्या तिघांपायी बाकीचे चाळीस लटकायला नकोत.

कराराचं वाक्य

वेतनश्रेणीच्या करारात नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: ‘पात्र कर्मचाऱ्यांना शासनाच्या प्रचलित धोरणानुसार वरिष्ठ वेतनश्रेणीचा लाभ देण्यात येईल.’ वाचायला छान, वसुलीला निरुपयोगी. पात्र कोण? प्रचलित म्हणजे करार झाला त्या दिवशी की लाभ द्यायच्या दिवशी?

हे शब्द का महत्त्वाचे, ते शासनाच्या योजनांकडे पाहिलं की कळतं. ८ जून १९९५ च्या शासन निर्णयाने कालबद्ध पदोन्नती योजना आली. १२ वर्षांनी लाभ, १ ऑक्टोबर १९९४ पासून. २० जुलै २००१ च्या निर्णयाने तिची सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झाली. १ एप्रिल २०१० च्या निर्णयाने १२ आणि २४ वर्षांनंतर असे दोन लाभ, १ ऑक्टोबर २००६ पासून. आणि २ मार्च २०१९ च्या निर्णयाने १०, २० आणि ३० वर्षांनंतर असे तीन लाभ, १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे २००८ मध्ये सही झालेल्या करारात ‘प्रचलित धोरण’ असेल, तर संघटना म्हणते १०-२०-३०, परिषद म्हणते १२, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. त्यातून राज्य शासनाची योजना नगरपरिषदेला आपोआप लागत नाही. नगरविकास विभागाचा आदेश लागतो आणि त्या आदेशाची तारीख वेगळी असते.

त्यापेक्षा कलम असं लिहा: ‘परिशिष्ट अ मधील कर्मचाऱ्यांची नियमित नियुक्तीच्या तारखेपासून (स्तंभ ४) सलग १०, २० व ३० वर्षांची सेवा ज्या तारखेला पूर्ण होते (स्तंभ ५, ६, ७), त्या तारखेस त्यांची वेतननिश्चिती स्तंभ ८ मधील वेतनस्तरात करण्यात येईल. थकबाकी तीन समान हप्त्यांत, पहिला हप्ता करारापासून ९० दिवसांत.’ नाव, तारीख, स्तर, हप्ता. लवादाला किंवा न्यायाधीशाला अर्थ लावायला जितकी कमी जागा, तितकं हायकोर्टात ‘चुकीचा अर्थ लावला’ म्हणायला परिषदेला कमी निमित्त.

तीन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, रोजंदारीची वर्षं धरायची की नाही. नगरपरिषदांत माणूस आठ-दहा वर्षं रोजंदारीवर आणि मग कायम, हे घरोघरचं चित्र आहे. करार मुका असेल, तर परिषद कायम झाल्याच्या तारखेपासूनच मोजते. दुसरी, पदोन्नती नाकारलेल्यांचं काय. शासनाच्या योजनेत त्यांना लाभ मिळत नाही, आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर तोच निकष लावला जातो. तिसरी, एकाकी पदं. वायरमन, फायरमन, वाहनचालक यांच्या वर पदच नसतं, मग वरची वेतनश्रेणी कुठली? केंद्राच्या योजनेत याच प्रश्नावर वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी ५ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने एम. व्ही. मोहनन नायर प्रकरणात सांगितलं, की तिथला लाभ लगतच्या वरच्या ग्रेड पेचा, बढतीच्या पदाच्या वेतनाचा नव्हे. ती केंद्राची योजना आहे, आपली नव्हे. पण परिषदेचे वकील हा निकाल पुढे करतातच. उत्तर म्हणून आपल्या करारातला वेतनस्तराचा स्तंभ दाखवता आला पाहिजे.

सह्या होण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव पाहा. ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक आणि खर्चाचं लेखाशीर्ष हवं. प्रशासकांच्या काळातला करार असेल, तर प्रशासकांचा ठराव आणि त्यांच्या अधिकाराचा आदेश दोन्ही जोडा. पुढे ‘मुख्याधिकाऱ्यांना सही करायचा अधिकारच नव्हता’ असा मुद्दा येतो, तो याच जागी मारायचा. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाची मंजुरी लागणारी बाब असेल, तर मंजुरीसाठी पाठवलेल्या प्रस्तावाचा जावक क्रमांक तरी हाताशी असू द्या.

करार कुठल्या टेबलावर झाला

मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बसून केलेला करार कलम १८(१) खालचा. तो सह्या करणाऱ्या पक्षांपुरता बांधील. समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या समक्ष समेटाच्या कामकाजात झालेला करार कलम १२(३) चा. तो १८(३) प्रमाणे आस्थापनेतल्या सगळ्यांना, उद्या लागणाऱ्यांनाही, बांधील. एका गावात दोन संघटना असतील, तर १८(१) वर समाधान मानू नका. करार मुदत संपली म्हणून मरत नाही. लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो चालू राहतो. परिषद ‘मुदत संपली’ म्हणाली, की ती नोटीस कुठे आहे ते विचारा.

अंमलबजावणीचा वाद लवादाकडे न्यायचा, तर कलम १०-ए. इथे एक ठेच बसते. लवाद करार शासनाकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे पाठवून तो राजपत्रात यावा लागतो. १९८९ च्या कर्नाल लेदर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एक महिन्याची मुदत थोडी मागेपुढे चालेल, पण लवादाने वादाच्या गुणदोषांत शिरण्याआधी प्रसिद्धी झालेली असलीच पाहिजे. राजपत्राची प्रत हातात नसताना पहिली तारीख घेऊ नका. नाहीतर दोन वर्षांनी निवाडा येतो आणि हायकोर्टात पाच मिनिटांत पडतो. शिवाय लवादाचा निवाडा सही न केलेल्या दुसऱ्या संघटनेवरही बांधील व्हायला हवा असेल, तर १०-ए(३-ए) ची वेगळी अधिसूचना काढून घ्यावी लागते.

आणखी एक गैरसमज इथेच संपवू. १०-ए च्या लवादाला लवाद कायदा लागूच नाही, कलमातच तसं लिहिलंय. तेव्हा जिल्हा न्यायालयात ‘कलम ३४ खाली निवाडा रद्द करा’ असा अर्ज चालत नाही. रिट याचिका हाच रस्ता, आणि अशा लवादाच्या निवाड्यावर रिट चालते हे १९७६ च्या रोहतास इंडस्ट्रीज निकालापासून ठरलेलं आहे.

लवाद नको असेल, तर समेट फसल्यावर शासनाकडून संदर्भ, म्हणजे वाद निर्णयासाठी सोपवणारा आदेश, घेऊन न्यायाधिकरण. वेतनाचा वाद एरवी न्यायाधिकरणाचा, पण शंभरपेक्षा जास्त कामगारांवर परिणाम होत नसेल तर तो कामगार न्यायालयाकडेही पाठवता येतो. कोकणातल्या बऱ्याच नगरपरिषदा याच आकड्यात बसतात. संदर्भाच्या आदेशातलं मागणीचं वाक्य शब्दन् शब्द तपासा. ‘वरिष्ठ वेतनश्रेणी मिळावी काय?’ एवढंच लिहून आलं आणि निवाड्यात थकबाकीही दिली, तर ‘संदर्भाबाहेर गेले’ हा परिषदेचा पहिला मुद्दा. लाभाची तारीख, थकबाकी आणि व्याज ही तिन्ही मागणीत हवीत. चुकलं असेल तर शुद्धिपत्रक तेव्हाच मागा.

पुरावा: ओलं दप्तर आणि कोरडा हिशेब

कोकणात कागदाचे शत्रू तीन: वाळवी, कसर आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सेवापुस्तक भिजलं, पान चिकटलं, नियुक्तीच्या तारखेवरची शाई पसरली, की दहा वर्षांचा हिशेब कुठून मोजायचा यावरच खटला अडतो. म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागायच्या आत, प्रत्येकाच्या सेवापुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. पान क्रमांक आणि आस्थापना लिपिकाची सही दिसली पाहिजे. मूळ पुस्तक हरवलं असेल, तर नियुक्ती आदेश, भविष्य निर्वाह निधीची खातेउतारी, वेतन देयकं आणि ज्येष्ठता यादी या चार कागदांनी तारीख उभी करता येते.

परिषदेकडून कागद मिळत नसतील, तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा. महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. ठराव एका अर्जात, वेतन देयकं दुसऱ्या अर्जात. न्यायाधिकरणापुढे मात्र ‘परिषदेने अमुक कागद हजर करावेत’ असा स्वतंत्र अर्ज देऊन त्यावर आदेश घ्या. आदेश होऊनही कागद आले नाहीत, तर प्रतिकूल अनुमान, म्हणजे ते कागद परिषदेच्या विरोधातच असणार असा निष्कर्ष, काढता येतं, आणि तो मुद्दा हायकोर्टात सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आता हिशेब. समजा लिपिक एस-६ या वेतनस्तरात (१९,९००–६३,२००) आहे, मूळ वेतन २५,२००. लाभ एस-८ (२५,५००–८१,१००) मध्ये. निश्चितीची रीत अशी: आधी जुन्याच स्तरात एक वेतनवाढ, म्हणजे २५,२०० चे २६,०००. मग एस-८ मध्ये २६,००० ची पायरी आहे का ते पाहायचं. नाही, २५,५०० नंतर थेट २६,३००. म्हणून २६,३००. काही जण मधली वेतनवाढ विसरतात आणि २५,२०० च्या लगतची वरची पायरी म्हणून २५,५०० धरतात. फरक ८०० रुपयांचा, वर्षाला नुसत्या मूळ वेतनात ९,६००, आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे. उलट बाजूला, संघटनेच्या तक्त्यात अशी चूक आपल्या फायद्याची सापडली, तर परिषद एका माणसाचं उदाहरण घेऊन सगळा तक्ता अविश्वसनीय ठरवते. उलटतपासात हेच विचारलं जातं.

तक्त्यात प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा: नियुक्तीची तारीख, खंड, लाभाची तारीख, जुना स्तर व वेतन, वाढीनंतरचं वेतन, नव्या स्तरातली पायरी, महिन्यागणिक देय, मिळालेलं, फरक. महागाई भत्त्याचा दर दर सहामाहीला बदलतो, तेव्हा सलग एकच टक्का लावू नका. पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून निश्चिती घ्यायचा विकल्प कोणी दिला असेल, तर विकल्पाची प्रत त्याच पानाला टाचा. तक्ता ज्याने केला, त्यालाच साक्षीदार करा. अध्यक्ष भाषण उत्तम करतात, पण ‘स्तंभ ९ कसा काढला’ याचं उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांना देता येत नाही.

परिषद ‘तिजोरीत पैसा नाही’ म्हणणारच. ऐपतीचा मुद्दा गैर नाही. वेतन ठरवताना तो पाहावा लागतो हे १९५८ च्या एक्स्प्रेस न्यूजपेपर्स निकालापासून मान्य आहे. पण ऐपत नव्याने वेतन ठरवताना पाहायची. एकदा करार करून बसल्यावर ती सबब तितकी चालत नाही. तरीही गेल्या तीन-पाच वर्षांची अंदाजपत्रकं, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली आणि शासनाचं सहाय्यक अनुदान यांचे आकडे दाखल करून ठेवा. लवादाने या मुद्द्यावर एकही ओळ लिहिली नाही, तर निवाडा तिथेच दुबळा होतो. युक्तिवादाच्या शेवटी लेखी टिपण द्या आणि त्यात ‘मुद्दा ४: आर्थिक ऐपत, निशाणी ३१ ते ३५’ असा स्पष्ट उल्लेख ठेवा.

निवाडा लागल्यावरचे साठ दिवस

जुन्या कायद्यात निवाडा मिळाल्यापासून तीस दिवसांत शासनाने तो प्रसिद्ध करायचा आणि प्रसिद्धीपासून तीस दिवस उलटले की तो अमलात येतो. या काळात तीन कामं. प्रमाणित नक्कल काढा, निदान दोन. निवाड्यातली आकड्यांची किंवा नावांची चूक दुरुस्त करायचा अर्ज आत्ताच द्या. आणि हायकोर्टात कॅव्हिएट दाखल करा, म्हणजे आपल्याला न ऐकता एकतर्फी स्थगिती मिळायला नको. कॅव्हिएट नव्वद दिवसच चालते. एक्याण्णवाव्या दिवशी याचिका आली, तर जुन्या कॅव्हिएटचा उपयोग नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

हायकोर्ट नेमकं काय बघतं

कोकणात देवळात गाऱ्हाणं घालताना सगळं एका दमात सांगता येतं: पाऊसपाणी, घरचं दुखणं, मुलाची नोकरी. रिट याचिका याच्या अगदी उलट. तिथे कर्मचाऱ्यांची हलाखी, महागाई, शेजारच्या नगरपरिषदेने दिलेला लाभ, यातलं काही ऐकलं जात नाही.

१९६४ च्या सय्यद याकूब निकालात सर्वोच्च न्यायालयाने आखलेली चौकट अजून तीच आहे. अधिकारक्षेत्र होतं का? बाजू मांडायची संधी दिली का? निवाडा वाचताच दिसणारी कायद्याची चूक आहे का? वस्तुस्थितीच्या निष्कर्षात हात घालत नाहीत, अपवाद एवढाच, की निष्कर्षाला पुरावाच नसेल, किंवा घ्यायला हवा होता तो पुरावा वगळला असेल, तर तीही कायद्याची चूक धरतात. ‘पुरावा कमी आहे’ आणि ‘पुरावा नाही’ यातला फरक इथे सगळं ठरवतो.

हे प्रत्यक्षात असं उतरतं. लवादाने रोजंदारीची वर्षं धरली आणि त्यासाठी हजेरीपटाची निशाणी सांगितली, तर परिषद कितीही म्हणाली की पट खोटे आहेत, हायकोर्ट बहुधा हात लावणार नाही. तीच वर्षं कुठल्याही निशाणीचा उल्लेख न करता ‘न्यायाच्या दृष्टीने’ धरली असतील, तर निवाडा धोक्यात. लवादाने करारात नसलेला चौथा लाभ दिला, तर तेवढा भाग जाईल. कराराच्या दोन वाचनांपैकी एक निवडलं आणि कारण दिलं, तर ते दुसऱ्या न्यायाधीशाला पटो न पटो, सहसा टिकतं. आणि कारणच दिलं नसेल, तर प्रकरण फेरविचारासाठी परत. फेरविचार म्हणजे आणखी काही वर्षं, त्यात दोन-तीन माणसं निवृत्त.

कामगारांपैकीच काही जण ‘करार अन्यायकारक, आम्हाला कमी मिळालं’ म्हणून आव्हान देतात, तेव्हा १९७७ चा हर्बर्टसन्स निकाल महत्त्वाचा. करार एकसंध पाहायचा, एकेक कलम सुटं काढून तोलायचं नाही. एका ठिकाणी सोडलेलं दुसऱ्या ठिकाणी मिळवलेलं असतं. समान कामाला समान वेतन हा मुद्दा मूळ मागणीतच नव्हता, तर हायकोर्टात तो पहिल्यांदा काढून फारसं हाती लागत नाही. वेतनश्रेणींची तुलना हे तज्ज्ञ समित्यांचं काम, असं १९८९ च्या चौरसिया निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत.

याचिकेवर राज्यघटनेचं कलम २२६ लिहायचं की २२७, हा वकिलांचा तांत्रिक वाद वाटतो, पण परिणाम मोठा. एकल न्यायमूर्तींचा आदेश खऱ्या अर्थाने २२६ खालचा असेल, तर लेटर्स पेटंट अपील, म्हणजे त्याच हायकोर्टात दोन न्यायमूर्तींपुढे अपील, होऊ शकतं, मुदत तीस दिवस. निव्वळ २२७ असेल, तर ते अपील नाही, थेट सर्वोच्च न्यायालय, नव्वद दिवस. हरल्यावर हा प्रश्न पडण्यापेक्षा पहिल्या दिवशी विचारा.

स्थगितीच्या अर्जावर आपलं मागणं ठरलेलं असू द्या: चालू महिन्यापासून नवं वेतन सुरू ठेवावं, आणि थकबाकीची रक्कम कोर्टात भरावी. ‘१७-बी खाली पगार मागू’ असं कोणी म्हणालं, तर ते कलम कामावर परत घेण्याच्या निवाड्यांसाठी आहे, इथे लागत नाही.

आता कोल्हापूर

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात. रायगड मुंबईकडेच. रात्रीची रेल्वे पकडून मुंबई गाठायची, त्याऐवजी आता आंबा घाट, फोंडा घाट किंवा गगनबावडा. पावसाळ्यात घाटात दरड आली म्हणून तारीख चुकवू नका; आदल्या दिवशी वर चढा.

मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात. करार, ठराव, संदर्भाचा आदेश ही तीन आधी. भाषांतर स्वतः वाचा. ‘नियमित नियुक्ती’चं ‘पहिली नियुक्ती’ झालं, तर वेळेला दहा वर्षांचा फरक पडतो आणि दोष कोणाला देणार? तारखांची यादी दोन पानांच्या आत बसवा. उत्तराचं प्रतिज्ञापत्र पहिल्या सुनावणीआधी दाखल झालं, तर स्थगितीवर आपलं म्हणणं कागदावर असतं.

पैसे हातात येईपर्यंत

निवाडा टिकला आणि रक्कम ठरलेली आहे, तर कलम ३३-सी(१): शासनाकडे अर्ज, वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षात अर्ज. उशिराला पुरेसं कारण हवं. रक्कम मोजायची राहिली असेल, तर ३३-सी(२) खाली कामगार न्यायालय. मात्र तिथे फक्त हिशेब होतो. हक्क आहे की नाही हाच वाद असेल, तर अर्ज फेटाळला जातो. १९९५ च्या गणेश रझाक निकालात तेच सांगितलंय. कराराच्या शब्दांचा अर्थच अडला असेल, तर ३६-ए खाली शासनाकडून तेवढा प्रश्न पाठवून घेता येतो. ही वाट फारच कमी लोक वापरतात.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आहे: १९७१ चा अनुचित कामगार प्रथा कायदा, परिशिष्ट ४, बाब ९. करार किंवा निवाडा अमलात न आणणं हीच अनुचित प्रथा, तक्रार औद्योगिक न्यायालयात, मुदत नव्वद दिवस, आणि अंतरिम आदेश मिळू शकतो. मात्र त्याच कायद्याचं कलम ५९ वाचा. या कायद्याखाली तक्रार केली, की त्याच विषयावर केंद्रीय, म्हणजे १९४७ च्या, कायद्याखाली कार्यवाही चालत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवायची सवय इथे महागात पडते.

कधी उलटंही होतं. लाभ मिळून जातो आणि सहा-सात वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप येतो की जास्त दिलं, वसूल करा. १८ डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल इथे ढाल आहे. वर्ग तीन-चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिली गेलेली रक्कम, यांतून वसुली करता येत नाही. पण २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने एक दार उघडं ठेवलं: ‘जास्त दिलं गेल्यास परत करीन’ असं वचनपत्र लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली मान्य झाली. वेतननिश्चितीच्या वेळी विकल्पासोबत सहीसाठी पुढे सरकवला जाणारा दुसरा कागद बहुधा हाच असतो. तो वाचून सही करा आणि प्रत मागा.

थकबाकीची वाट बघत कर्मचारी वारला, तर वारसांना ३३-सी(१) खाली अर्ज करता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस दाखला, निवाड्याची नक्कल आणि त्या माणसाचं तक्त्यातलं एक पान लागतं. हे पान घरी देऊन ठेवलेलं बरं.